साइटची धूळ आणि लॅपटॉप : पुण्यात बांधकाम व्यवस्थापन आणि डिजिटल कामात पाय रोवायचा असेल तर

स्लॅब भरून झाला, मुलं थाप्या धुवायला लागली आणि गेटवर काँक्रीटचा एक भरलेला मिक्सर तसाच घरघरत उभा राहिला. वाकडची साइट, माझ्या नोकरीचा पाचवा महिना आणि ऑर्डर मी दिलेली. हिशेब एक्सेलमध्ये केला होता, दोनदा तपासलाही होता. आमचे मिस्त्री वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांनी कागदाकडे न बघताच विचारलं, "मॅडम, बीमच्या डोक्यावरचा स्लॅब दोनदा धरला का हो?"

धरला होता. बीम २३० बाय ६०० मिलिमीटरचे, स्लॅब १५० चा. मी बीमची खोली पूर्ण ६०० धरली आणि स्लॅबच्या क्षेत्रफळातून बीमची जागा वजा केली नाही. म्हणजे बीमच्या प्रत्येक मीटरमागे ०.२३ गुणिले ०.१५, ०.०३४५ घनमीटर फुकटचं. आकडा किरकोळ दिसतो. पण त्या मजल्यावर बीमची एकूण लांबी २०० मीटर होती, म्हणजे झाले ६.९ घनमीटर. मिक्सरमध्ये बसतं ६ घनमीटर. ते काँक्रीट शेवटी गेटजवळच्या खड्ड्यांत गेलं आणि पुढे महिनाभर त्या तुकड्याला साइटवर सगळे 'मॅडमचा रोड' म्हणत होते.

पुढे रेव्हिट, म्हणजे इमारतीचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, शिकले तेव्हा कळलं, की मॉडेलमध्ये बीम आणि स्लॅब एकमेकांना नीट जोडलेले नसतील तर तिथेही तो भाग दोनदा मोजला जातो. तीच चूक, फक्त महागड्या सॉफ्टवेअरमध्ये. म्हणून आता नवीन मुलं घेताना मी एकच गोष्ट बघते : समोरच्या पत्रकातला आकडा साइटवर कुठून उगवला, हे या मुलाला सांगता येतं का. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी, ही कामं देतं कोण?

घरच्यांना समजावण्यापासून सुरुवात करू. मला 'पीएमसी'त नोकरी लागली म्हटल्यावर आत्याने पेढे वाटले. तिला वाटलं महापालिका. पुण्यात पीएमसी म्हणजे पुणे महानगरपालिका, आणि आमच्या धंद्यात पीएमसी म्हणजे बिल्डरच्या वतीने कामावर देखरेख ठेवणारी सल्लागार कंपनी. वेळापत्रक, बिलं, गुणवत्ता हे सगळं तिथे बघतात. नवख्याला चौफेर शिकायला ही जागा चांगली.

दुसरे काँट्रॅक्टर. तिथे दगदग सर्वांत जास्त आणि शिक्षणही सर्वांत जास्त. तिसरे खुद्द बिल्डर. महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून त्यांच्या ऑफिसातली नोंदींची गरज वाढली आहे. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ते काम पुढे सरकेल त्या प्रमाणातच काढता येतात आणि त्यासाठी आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए अशा तिघांचे दाखले लागतात. शिवाय दर तिमाहीला प्रगती संकेतस्थळावर भरायची. पूर्वी 'साधारण सत्तर टक्के झालंय' म्हणून भागायचं. आता ते सत्तर कुठून आले, हे कुणाला तरी दाखवता यावं लागतं.

चौथी इंजिनिअरिंग सेंटर्स, जिथे परदेशातल्या इमारतींची मॉडेल पुण्यात बसून बनतात. त्यांच्याबद्दल पुढे बोलू. आणि पाचव्या, बांधकामासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या. नकाशे नियमांत बसतात का ते तपासणारं ऑटोडीसीआर हे सॉफ्टवेअर पुण्याच्याच सॉफ्टटेक कंपनीचं. कॅड ड्रॉइंगमध्ये प्लॉटची हद्द, जिना, बाल्कनी ठरलेल्या लेयरवर काढायची. प्रोग्रॅम त्या लेयर वाचून सामासिक अंतरं (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) आणि एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम, ते प्रमाण) मोजतो. अशा कंपन्यांना कोडिंग येणारे हवेतच, पण जिन्याची रुंदी कुठून कुठपर्यंत मोजतात हे त्या कोडिंगवाल्याला सांगणाराही लागतो.

पहिली पायरी : दीड वर्ष साइट

डिप्लोमा असो, बी. ई. असो वा आर्किटेक्चर, थेट लॅपटॉपवर बसू नका. दीड वर्ष म्हणजे निदान एक पावसाळा आणि एक दिवाळी साइटवर काढा. का, ते पुढे वेळापत्रकाच्या भागात येईल.

या काळात सगळ्यात आधी परिमाणं पक्की करा, कारण डेटाचा निम्मा घोळ तिथेच असतो. काँक्रीट घनमीटरमध्ये येतं, सळई टनात, शटरिंगचं बिल बरेचदा चौरस फुटांत, आणि वाळू-खडी ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. हाच ब्रास क्षेत्रफळाला वापरला की १०० चौरस फूट होतो, आणि बोलणारा कुठला ब्रास बोलतोय हे संदर्भावरून ओळखायचं असतं. कुठलंही ॲप हे तुम्हाला सांगणार नाही. सळईचं वजन तोंडी काढता आलं पाहिजे : व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, वर्ग करा, १६२ ने भागा. १६ च्या सळईला मीटरमागे १.५८ किलो येतात, म्हणजे १२ मीटरची अख्खी सळई जवळपास १९ किलो. ट्रक आला की सळया मोजा आणि वजनकाट्याच्या पावतीशी ताडून बघा. थोडा फरक निघतोच, कारण प्रत्यक्ष सळई थोडी हलकी किंवा भारी असू शकते. फरक नेहमीपेक्षा जास्त दिसला तर सीनिअरला दाखवा. बिलिंगची पहिली शिकवणी तीच.

दुसरं, कागदाचा प्रवास बघा. मिक्सरबरोबर चलन येतं. चलनाची नोंद स्टोअरच्या रजिस्टरला होते. काँक्रीटचे क्यूब भरतात, १५० मिलिमीटरचे, आणि ते ७ व २८ दिवसांनी फोडतात. मोजमाप एमबीत, म्हणजे मोजमाप वहीत, चढतं, एमबीवरून काँट्रॅक्टरचं आरए बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने द्यायचं बिल) बनतं, बिलातून आधीची उचल आणि डेबिट वजा होतात. एका स्लॅबचे हे सगळे कागद एकदा हातात घेऊन एकामागून एक लावा. बांधकामाचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडलं तरी आत हीच साखळी दिसेल.

मिस्त्री, मुकादम, फिटर यांच्याशी नातं जोडा. हिंदी लागेल, मजूर बिहार, बंगाल, ओडिशाचे असतात. महापालिकेतल्या टेबलावर मराठीतलं पत्र लागेल, मेल इंग्रजीत. तिन्ही नीट लिहिता-बोलता येणारा माणूस साइटवर लवकर वर चढतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. आणि मुलींनो, साइटवर टॉयलेटची सोय आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. मी तीन महिने विचारलं नाही आणि दिवसभर पाणी न पिता काढले. तो मूर्खपणा होता.

भारतीय मानकं, म्हणजे आयएस कोड, भारतीय मानक ब्युरोच्या पोर्टलवरून मोफत उतरवता येतात. काँक्रीटचा आयएस ४५६ आणि मोजमापाचा आयएस १२०० फोनमध्ये ठेवा.

दुसरी पायरी : एक्सेल, पण खरं एक्सेल

सगळेच सीव्हीत 'एक्सेल उत्तम' लिहितात. मग त्यांची शीट उघडली की सेल जोडलेले, रंग भरलेले आणि एका खान्यात '६ क्यूम (सकाळी) + ६' असं लिहिलेलं. माणसाला कळतं, संगणकाला कळत नाही. नियम साधा आहे. एका ओळीत एकच नोंद आणि एका खान्यात एकच गोष्ट. रंगाने माहिती सांगायची नाही. 'पिवळं म्हणजे पेंडिंग' हे पिवळं करणारा सुट्टीवर गेला की कुणालाच आठवत नाही.

आता एक सराव, जो मी सगळ्यांना देते. एका स्लॅबची काँक्रीटची चलनं घ्या. दहा-बारा असतील. चलन क्रमांक, प्लांटवर माल भरल्याची वेळ, गेटवर आल्याची वेळ, रिकामा झाल्याची वेळ, स्लंप (काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप) आणि घनमीटर एवढे रकाने करा. दुसऱ्या शीटवर क्यूबचे निकाल, त्यातही चलन क्रमांक. मग दोन्ही शीट चलन क्रमांकावर जोडा. एक्सेलमधल्याच पॉवर क्वेरीने हे फार सोपं होतं. आता प्रश्न विचारा : कुठल्या मिक्सरला प्लांटवर भरल्यापासून रिकामा होईपर्यंत दोन तासांपेक्षा जास्त वेळ लागला? रेडिमिक्सच्या मानकात, आयएस ४९२६ मध्ये, तीच मर्यादा आहे. संध्याकाळी पाचनंतर निघालेले मिक्सर पुलाखाली अडकलेले तुमच्या शीटमध्ये स्वच्छ दिसतील. आणि त्या मिक्सरांचा स्लंप गेटवर किती भरला, ड्रायव्हरने पाणी मारलं का, त्यांचे क्यूब २८ दिवसांनी कितीला फुटले, हे सगळं एका ओळीत उभं राहील.

हा सराव करताना तारखांचा सापळा लागेल. लॅपटॉपची मांडणी अमेरिकन असेल तर ०५/०८ ही आपली पाच ऑगस्ट एक्सेल आठ मे म्हणून वाचतं, आणि १३/०८ त्याला तारीखच वाटत नाही, म्हणून नुसता मजकूर म्हणून सोडून देतं. अर्ध्या तारखा चूक आणि अर्ध्या गायब. माझा एक संपूर्ण मासिक अहवाल असा गेला होता आणि चूक पकडली ती मीटिंगमध्ये, क्लायंटने. तारखा आधी तपासा, बाकी सगळं नंतर.

क्यूब किंवा चलनांची माहिती कंपनीची असते, हे मात्र विसरू नका. घरी नेण्याआधी विचारा आणि नावं काढून टाका.

तिसरी पायरी : वेळापत्रक

मोठ्या कामांवर प्रायमाव्हेरा पी६ चालतं, मध्यम कामांवर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट. बटणं पंधरा दिवसांत येतात. कुठलं काम कशाच्या आधी, किती दिवसांनी, आणि कशात सवड आहे, हे यायला साइट लागते.

उदाहरण घ्या. स्लॅब भरल्यावर खालचे टेकू कधी काढायचे? नवखा माणूस कुणाच्या तरी जुन्या फायलीतून सात दिवस उचलतो. आयएस ४५६:२००० सांगतो, की साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस आणि त्याहून मोठ्याला १४. तेही ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलंड सिमेंट असेल आणि तापमान १५ अंशांखाली जात नसेल तरच. फ्लाय ॲश (कोळशाची राख) मिसळलेलं सिमेंट असेल किंवा डिसेंबरातल्या पुण्यातल्या रात्री असतील तर हे दिवस वाढवावे लागतात. म्हणजे तुमच्या पी६ मधला तो एक आकडा सिमेंटच्या गोणीवर आणि थंडीवर अवलंबून आहे.

मग येतं कॅलेंडर. सॉफ्टवेअरमध्ये रविवार सुट्टी आणि २६ जानेवारी सुट्टी एवढं भरून मुलं मोकळी होतात. साइटवर दिवाळीला गेलेला बिहारी मजूर छठ करूनच येतो, आणि छठ दिवाळीनंतर सहा दिवसांनी. होळीला पुन्हा तेच. गणपतीत, विशेषतः विसर्जनाला, शहराच्या मध्यभागी मिक्सर आणायचा विचारही करू नका. जून ते सप्टेंबर बाहेरचं प्लास्टर आणि खोदाई रडतखडत चालते. आणि पुण्यात मुरूम संपला की खाली काळा पाषाण. तो कुठल्या खोलीवर लागतो ते भूस्तर चाचणीच्या अहवालात असतं, पण नियोजन करणाऱ्याने तो अहवाल उघडलेला नसतो. खडक फोडायला ब्रेकर आणावा लागला की तळघराची तारीख गेलीच.

चौथी पायरी : बिम

मी पहिल्यांदा साइटवर म्हटलं, "आता आपण बिम करणार," तेव्हा मिस्त्रींनी लगेच विचारलं, "कुठल्या मजल्याचा?" उच्चार सारखाच, काय करणार. हे बिम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, इमारतीचं त्रिमितीय मॉडेल, ज्यातल्या भिंतीला ती किती जाड, कशाची आणि कितव्या मजल्याची आहे हे माहीत असतं. त्याला वेळापत्रक जोडलं की ४डी, खर्च जोडला की ५डी. महामेट्रोने नागपूर मेट्रोच्या कामात ५डी बिम वापरलं, आणि पुण्यातल्या वनाझ–रामवाडी आणि पिंपरी–स्वारगेट या मार्गिकाही त्याच संस्थेच्या. म्हणजे हे फक्त परदेशी प्रकरण राहिलेलं नाही.

शिकायला रेव्हिट घ्या. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ते मोफत देतं, तेव्हा कॉलेजात असतानाच खातं उघडा. नेव्हिसवर्क्समध्ये वेगवेगळी मॉडेलं एकत्र लावून टक्कर शोधतात : सांडपाण्याचा पाइप बीममधून जातोय का, एसीचा डक्ट छताखाली बसतोय का. पहिल्या फेरीत हजार टकरी निघाल्या तर घाबरू नका आणि हजारचा अहवालही पाठवू नका. त्यातल्या नऊशे पाइप आणि त्याच्याच इन्सुलेशनसारख्या फालतू असतात. उरलेल्यांतल्या कुठल्या कागदावर मिटवायच्या आणि कुठल्या फिटर जागेवरच मिटवेल, हे ठरवणं तुमचं काम. विद्यार्थी नसाल तर ब्लेंडरवर चालणारं बोन्साय मोफत आहे. ते थेट आयएफसी फाइलवर काम करतं, आणि आयएफसी म्हणजे सगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येईल असा खुला प्रकार. माहितीची देवाणघेवाण कशी करायची त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १९६५०. त्याचे पहिले दोन भाग २०१८ चे. मुलाखतीत ते विचारतात, निदान कशाबद्दल आहे एवढं ठाऊक असू द्या.

आता ती इंजिनिअरिंग सेंटर्स. एसी ऑफिस, वेळेवर पगार, रेव्हिट हातात मुरतं. माझं मत विचाराल तर साइट केल्यानंतर तिथे खुशाल जा, आधी मात्र नको. चार वर्षं फूट-इंचांत परदेशी शाळा-हॉस्पिटलांची मॉडेल केलेली मुलं माझ्याकडे येतात. हात विलक्षण जलद, पण आपल्याकडच्या टॉयलेटचा स्लॅब खाली का टाकतात हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. मग पुन्हा साइटवर जायला वय आणि पगार दोन्ही आडवे येतात.

पाचवी पायरी : थोडं कोडिंग

पायथॉन शिका, पण क्लास लावून डेटा सायंटिस्ट व्हायला निघू नका. स्वतःच्या कामातली एक कंटाळवाणी गोष्ट निवडा. रोज येणारे तीस हजेरीपत्रकांचे एक्सेल एकत्र करणं, ही माझी होती. तीन आठवडे झगडून चाळीस ओळी लिहिल्या आणि रोजचा पाऊण तास वाचला. रेव्हिटवाल्यांनी डायनामो बघावं. त्यात ओळी न लिहिता ठोकळे जोडून तेच जमतं. अहवालाचे तक्ते-आलेख बनवायला पॉवर बीआय. पण तक्ता बनवण्याआधी तो बघून कोण काय निर्णय घेणार, हे साहेबांना विचारा. उत्तर आलं नाही तर साधा कागद पुरतो.

ड्रोनचं वेड बहुतेकांना असतं. खोदाईचं मोजमाप त्याने छान होतं, पण ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो सोडला तर व्यावसायिक कामासाठी रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. त्यात पुण्यात लोहगावला हवाई दल आणि खडकवासल्याला एनडीए. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा बघितल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

पदवी, प्रमाणपत्रं आणि क्लासचे बोर्ड

बांधकाम व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी देशभरातून मुलं पुण्यात येतात; बालेवाडीची निकमार ही संस्था १९८३ पासून तेच शिकवते. सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाची परंपरा तर १८५४ ची. पदव्युत्तर शिक्षण जरूर घ्या, पण साइटची दोन वर्षं झाल्यावर. वर्गातली निम्मी उदाहरणं तेव्हा ओळखीची वाटतात आणि फी वसूल होते. पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) या प्रमाणपत्राच्या परीक्षेला पदवीधराला प्रकल्प सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, त्यामुळे त्याची घाई करू नका.

'शंभर टक्के प्लेसमेंट'चा बोर्ड लावलेल्या एका क्लासमध्ये मीही पैसे घातले. तीन महिन्यांत रेव्हिटमध्ये एक बंगला काढला, सगळ्या बॅचने तोच बंगला. पुढे मुलाखती घ्यायला लागले तेव्हा तो बंगला मला इतक्या सीव्हींत भेटला, की त्याच्या खिडक्या पाठ झाल्या. फी भरण्याआधी शिकवणाऱ्याला विचारा, शेवटचं काम कुठल्या साइटवर केलं आणि कधी. नियोजनाचे मूलभूत विषय एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

मुलाखतीला जाताना

सीव्ही एक पान. त्याला जोडून तुमचा चलनांचा सराव किंवा तसंच काही, तेही एक पानच : प्रश्न काय होता, माहिती कुठून घेतली, काय सापडलं, आणि काय चुकलं होतं. चुकलेलं लिहायला लाजू नका. मी तर 'मॅडमचा रोड' सांगूनच दुसरी नोकरी मिळवली. समोरचे साहेब हसले आणि पुढची वीस मिनिटं आम्ही बीम-स्लॅबवरच बोललो.

तुम्हीही प्रश्न विचारा. रोजचा प्रगती अहवाल कोण भरतं, इंजिनिअर की संध्याकाळी आठवून स्टोअरकीपर? मॉडेल साइटवर कुणी उघडतं का, की ते फक्त टेंडर जिंकायला केलं होतं? आठवड्याचे दिवस किती, पाच की सहा? आणि साइट नेमकी कुठे आहे ते तर विचाराच. जाहिरातीत 'पुणे' लिहिलेलं असतं, रुजू व्हायला गेलं की साइट निघते शिरवळला.